सूर्याची चूल

सूर्य रोज तापतो. पण त्याच्या पोटात ना लाकूड, ना कोळसा! मग ही आग कसली?

तिथं हायड्रोजन वायू आहे. दीड कोटी अंश उष्णतेत त्याचे कण एकमेकांत मिळतात. त्यांचा हेलियम होतो. त्यातूनच ऊब निघते.

अशी चूल माणसाला पेटवता येईल का? १९५५ साली डॉ. होमी भाभा म्हणाले, वीस वर्षांत वाट सापडेल. पण काम अवघड निघालं. असा तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, भांड्याला लागला की निवतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याला चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. गांधीनगरजवळ १९८९ साली 'आदित्य' यंत्र सुरू झालं. त्यात प्लाझ्मा क्षणभरच टिकतो.

या चुलीची वीज अजून कुणाच्याच घरी आलेली नाही. पण काम चालू आहे. आजा आंबा लावतो, फळं नातू खातो.