चिकित्सालय व औषधी भांडारासाठी मुक्त-स्रोत डेटाबेस : स्थापना व मांडणी

प्रस्तावना

सुमारे सहा वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याचे पत्र आमच्या चिकित्सालयात आले. वत्सनाभयुक्त एका वटीकल्पाच्या विशिष्ट बॅचच्या वेष्टनावर मात्रा चुकीची छापली गेली असून ती बॅच परत पाठवावी, असे त्यात लिहिले होते. कपाटातील शिल्लक बाटल्या पाच मिनिटांत वेगळ्या काढल्या. परंतु दिल्या गेलेल्या बाटल्या कोणाच्या घरी आहेत, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. रुग्णपत्रकात औषधाचे नाव होते, बॅच क्रमांक नव्हता. खरेदीच्या बिलावर बॅच क्रमांक होता, रुग्णाचे नाव नव्हते. तीन दिवस पत्रके चाळून बहुतेक रुग्णांना निरोप पोहोचविला. दोघांपर्यंत मात्र आम्ही अखेरपर्यंत पोहोचू शकलो नाही.

त्या प्रसंगानंतर मी संगणकीय नोंदींकडे गांभीर्याने वळलो. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाच्या आधारे मुक्त-स्रोत डेटाबेस कसा बसवावा व त्याची मांडणी कशी करावी, याचे विवेचन केले आहे. पंचकर्माप्रमाणेच येथेही पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन टप्पे आहेत. प्रधानकर्म अर्ध्या तासाचे आहे. यशापयश ठरते ते उरलेल्या दोहोंवर.

प्रणालीची निवड

माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवावी, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्यावर आधारलेल्या मुक्त-स्रोत प्रणालींपैकी मारियाडीबी व पोस्टग्रेएसक्यूएल या दोन्ही आपल्या कामास पुरेशा आहेत. मी दुसरी निवडली. बोलण्यात तिला पोस्टग्रेस म्हणतात व पुढेही तोच शब्द वापरला आहे. तिचे मूळ बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली सुरू केलेल्या प्रकल्पात असून आजचे नाव तिला १९९६ साली मिळाले. परवाना शुल्क नाही, नोंदींच्या संख्येवर किंवा वापरणाऱ्यांवर शुल्कापोटी मर्यादा नाही. शिवाय उद्या संगणकतज्ज्ञ बदलला तरी माहिती त्याच्याबरोबर जात नाही.

येथे शंका येईल की तक्त्यांची साधी आज्ञावली, म्हणजे स्प्रेडशीट, का पुरत नाही? एका रुग्णास दिलेल्या पुडीत चार कल्प असतात व प्रत्येकाची बॅच वेगळी असते. स्प्रेडशीटमध्ये त्या रकान्यात काहीही लिहिता येते, अस्तित्वात नसलेली बॅचसुद्धा. योग्य मांडणी केलेला डेटाबेस अशी नोंद नाकारतो.

पूर्वकर्म : नावे, माने व लिपी

संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर पुढील गोष्टी निश्चित कराव्यात.

१) औषधांची नावे : गुळवेल, गुडूची, अमृता व छिन्नरुहा ही चार नावे चार वेगवेगळ्या नोंदी झाल्यास साठा कधीच जुळणार नाही. म्हणून प्रत्येक द्रव्यास एक क्रमांक व एक मुख्य नाव द्यावे. पर्यायी नावांचा तक्ता वेगळा ठेवून तो त्या क्रमांकाशी जोडावा. मात्र एकत्रीकरण करताना वैद्याची दृष्टी सोडू नये. हरीतकी व हिरडा एकच, पण बाळहिरडा वेगळा. शंखपुष्पी या नावाने बाजारात एकाहून अधिक वनस्पती येतात. तेथे वनस्पतिशास्त्रीय नावाचा रकाना आवश्यकच आहे. हे काम संगणकतज्ज्ञावर सोपवू नये.

२) माने : गुंज, मासा, तोळा, चिमूट व ग्रॅम एकाच रकान्यात आल्यास बेरीज अशक्य होते. आयुर्वेदीय योगसंग्रहातील रूपांतरानुसार गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, मासा म्हणजे १ ग्रॅम व तोळा म्हणजे १२ ग्रॅम धरावा. वजनाची नोंद सर्वत्र मिलिग्रॅममध्येच करावी.

३) लिपी : ज्यांच्याकडे पूर्वीच्या खासगी मराठी फाँटमधील नोंदी आहेत, त्यांनी विशेष काळजी घ्यावी. त्या फाइलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे नसून रोमन चिन्हे असतात. फाँट काढताच मजकूर निरर्थक दिसू लागतो. अशा नोंदी प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात व जोडाक्षरे नजरेखालून घालावीत. नव्या नोंदींसाठी सर्वांनी एकच कळफलक वापरावा.

४) व्याधींची नावे : आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' या २०१७ सालच्या संकेतस्थळावर आयुर्वेदीय व्याधींचे प्रमाणित संकेतांक उपलब्ध आहेत. आपल्या निदानाच्या यादीपुढे ते संकेतांक लिहून ठेवल्यास पुढे तुलनात्मक अभ्यास सुकर होतो.

प्रधानकर्म : स्थापना

(आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीत व आकडेही रोमन लिहावेत.)

विंडोज प्रणालीसाठी पोस्टग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्थापक उतरवून घ्यावा. डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींत ती वितरणाच्या भांडारातूनच मिळते. विंडोजवरील स्थापक क्रमाने पुढील गोष्टी विचारतो : घटक, माहितीची जागा, मुख्य वापरकर्त्याचा संकेतशब्द, पोर्ट व स्थानिक भाषा. घटकांपैकी मूळ सर्व्हर, पीजी-ॲडमिन हे व्यवस्थापनाचे साधन व आज्ञा-साधने घ्यावीत. पोर्ट ५४३२ हाच राहू द्यावा. 'पोस्टग्रेस' नामक मुख्य वापरकर्त्याचा संकेतशब्द कागदावर लिहून कुलूपबंद ठेवावा. तो रोजच्या कामात वापरावयाचा नाही.

त्यानंतर चिकित्सालयासाठी स्वतंत्र डेटाबेस निर्माण करावा. त्याचे संकेतन 'यूटीएफ-८' असल्याची खात्री करावी. मराठी नावांच्या अनुक्रमासाठी 'आयसीयू' हा पर्याय दहाव्या आवृत्तीपासून (२०१७) आहे. पंधराव्या आवृत्तीपासून (२०२२) संपूर्ण डेटाबेससाठी तो प्रारंभीच निवडता येतो. त्यासाठी डेटाबेस 'टेम्प्लेट-झिरो' या साच्यावरून करावा लागतो. कालक्षेत्र 'एशिया/कोलकाता' ठेवावे. स्मृतीविषयक मांडणीत फार गुंतू नये. 'शेअर्ड बफर्स'चे मूळ मूल्य १२८ मेगाबाइट असून एका चिकित्सालयास ते पुरते.

'एफ-सिंक' ही सोय मात्र वेग वाढविण्याच्या मोहाने कोणी बंद करू नये. पोस्टग्रेस प्रत्येक बदल प्रथम नोंदवहीत लिहितो व मग मुख्य तक्त्यांत नेतो. त्यामुळे वीज अचानक गेली तरी पूर्ण झालेले व्यवहार शाबूत राहतात व अर्धवट राहिलेले आपोआप रद्द होतात. ही हमी एफ-सिंकवर अवलंबून आहे.

तक्त्यांची मांडणी

आमच्या येथे सहा मुख्य तक्ते आहेत : रुग्ण, भेट, द्रव्य, बॅच, वाटप व पुरवठादार. प्रत्येक तक्त्यास स्वतंत्र क्रमांकाचा रकाना असून तीच त्याची प्राथमिक कळ होय. रुग्णाची ओळख भ्रमणध्वनी क्रमांकावर ठरवू नये, कारण एका क्रमांकावर चौघांचे कुटुंब येते.

वाटपाच्या तक्त्यात पुडीतील प्रत्येक कल्पास एक स्वतंत्र ओळ असते. त्या ओळीत भेटीचा व बॅचचा क्रमांक परकीय कळ म्हणून असतो. 'परकीय कळ' याचा अर्थ असा की जी बॅच आधी नोंदलेली नाही, ती वाटता येत नाही. प्रस्तावनेतील दोन कागदांमध्ये नसलेला दुवा तो हाच. बॅच तक्त्यात निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख 'दिनांक' या प्रकारातच घ्यावी. मजकूर म्हणून लिहिलेले ३/४ हे तीन एप्रिल की चार मार्च, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. चूर्णाची मुदत व आसवारिष्टाची मुदत सारखी नसल्याने ती कल्पावरून गृहीत न धरता बॅचनिहाय लिहावी.

याखेरीज काही अटी डेटाबेसमध्येच घालाव्यात. मुदतीची तारीख निर्मितीनंतरची असावी, दिलेले प्रमाण शून्याहून अधिक असावे, रक्कम व वजन 'न्यूमेरिक' प्रकारात असावे. औषधे व प्रसाधने नियमांच्या 'अनुसूची ई-१' मधील विषारी द्रव्ये असलेल्या कल्पांसाठी होय/नाही असा रकाना ठेवावा. वाटपाची नोंद व साठ्यातील घट या दोन कृती एकाच व्यवहारात बांधाव्यात. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. नोंदीचे अर्ज लिब्रेऑफिस बेस या मुक्त आज्ञावलीतून तयार करून डेटाबेसशी जोडता येतात.

अधिकार व गोपनीयता

रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती आपण जपणे हा वैद्यधर्म तर आहेच, परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमामुळे या जबाबदारीस कायद्याचीही चौकट मिळाली आहे. प्रत्येक सहकाऱ्यास स्वतंत्र नाव व संकेतशब्द द्यावा. औषध देणाऱ्यास वाटपाची नोंद करण्याचा अधिकार असावा, जुनी नोंद पुसण्याचा नसावा. रोगवृत्त पाहण्याचीही त्यास आवश्यकता नाही.

कोणत्या संगणकावरून जोडणी स्वीकारावी हे 'पीजी-एचबीए' या फाइलीत ठरते. तेथे केवळ चिकित्सालयातील अंतर्गत जाळ्याचा पत्ता व 'स्क्रॅम-शा-२५६' ही पद्धत लिहावी. 'ट्रस्ट' असा शब्द तेथे आढळल्यास बदलावा, कारण त्याचा अर्थ संकेतशब्दाविना प्रवेश असा होतो. राउटरमधून पोर्ट ५४३२ बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नये.

पश्चात्कर्म : प्रतिलिपी व तिची परीक्षा

येथे मी स्वतःची चूक सांगणे कर्तव्य समजतो. पहिले आठ महिने आमचे सहकारी रोज सायंकाळी डेटाबेसचे मूळ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेत व मी निश्चिंत होतो. एके दिवशी संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. नव्या संगणकावर ते फोल्डर ठेवले, परंतु सर्व्हर सुरू होईना. सर्व्हर चालू असताना फाइली एकेक करून उतरविल्याने काही फाइली एका क्षणाच्या, तर काही दुसऱ्या क्षणाच्या होत्या. ती प्रत नव्हतीच. अखेर स्थापनेच्या वेळी घेतलेली एक जुनी प्रत व कागदी पत्रके यांवरून आठ महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरल्या. त्यास दोघांचे सात आठवडे गेले.

योग्य पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१) 'पीजी-डम्प' ही आज्ञा चालू सर्व्हरवरही एकाच क्षणाची सुसंगत प्रत घेते. विंडोजच्या कार्यनियोजकातून ती रोज रात्री आपोआप चालवावी व प्रतीच्या नावात दिनांक घालावा.

२) वापरकर्ते व त्यांचे संकेतशब्द या प्रतीत येत नाहीत. त्यासाठी 'पीजी-डम्प-ऑल' ही आज्ञा 'ग्लोबल्स-ओन्ली' पर्यायासह आठवड्यातून एकदा चालवावी.

३) प्रती दोन बाह्य डिस्कवर आळीपाळीने ठेवाव्यात, एक नेहमी घरी असावी. त्याच संगणकातील 'डी' विभाग ही सुरक्षित जागा नव्हे. डिस्क हरवल्यास रुग्णांची माहिती उघड होऊ नये म्हणून प्रत कूटबद्ध करावी.

४) दरमहा एकदा 'पीजी-रिस्टोअर'ने ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करावी व रुग्णसंख्या, शेवटची भेट आणि एखाद्या बॅचचे वाटप ताडून पाहावे. जी प्रत कधी उभी करून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नये.

५) पोस्टग्रेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. तिच्यातील दुरुस्त्या साधारणतः दर तीन महिन्यांनी येतात, त्या लावाव्यात. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र माहितीचे स्थलांतर करावे लागते, म्हणून आधी प्रत घ्यावी.

सारांश

गेल्या वर्षी एका चूर्णाच्या नव्या बॅचनंतर दोन रुग्णांनी उत्क्लेशाची तक्रार केली. बॅच क्रमांक देताच ती मिळालेल्या एकोणीस रुग्णांची नावे व दूरध्वनी क्रमांक क्षणात समोर आले. त्याच दुपारी सर्वांशी बोलणे झाले, उरलेला साठा थांबविला व पुरवठादारास लेखी कळविले. कारण बॅचमध्ये होते की अन्यत्र, हे वेगळ्याने तपासता आले; रुग्णांना मात्र वाट पाहावी लागली नाही.

ज्या वैद्यबंधु-भगिनींना व औषधी भांडारचालकांना ही पद्धत स्वीकारावयाची आहे, त्यांनी प्रथम एक महिना केवळ द्रव्यनामांची यादी व बॅच नोंदी एवढेच करावे. कागदी रुग्णपत्रके त्या काळात बंद करू नयेत. पहिली प्रत दुसऱ्या संगणकावर यशस्वीरीत्या उभी झाली, की मगच रुग्णांच्या नोंदी भरण्यास आरंभ करावा.