एचआयव्हीची गोळी स्वस्त कशी झाली?

प्रश्न : एचआयव्हीची औषधे पूर्वी लाखांत जायची म्हणे. आता फुकट कशी? पुढे बंद तर होणार नाहीत? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भाव पाडला तो स्पर्धेने. २०००च्या सुमारास पेटंटच्या औषधांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरांवर जाई. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला आणि बाजार हादरला.

एप्रिल २००४पासून सरकार एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार, मोफत देते. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही केंद्र आहे. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर आता एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जागतिक खरेदीत तिचा वर्षाचा दर ४५ डॉलरांखाली आला आहे.

शिवाय २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. गोळी चुकवू नये. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे.