आधी पट्टी सोडून बघा

‘‘खार आहे ती, ताई. कुरतडणारच. सवयच असते त्यांना.’’ आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या पशुवैद्यांनी हे वाक्य मला दवाखान्यात ऐकवलं, फोनवर ऐकवलं आणि शेपटी काळी पडल्यावरही ऐकवलं. ते साफ चुकीचं होतं आणि त्यापायी आमच्या चिंगीची अर्धी शेपटी गेली. घरात खार असलेल्यांसाठी आणि उद्या एखादी जखमी खार ज्यांच्या हाती येईल त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा संताप अजून गेलेला नाही, हेही खरं.

चिंगी हौसेने आणलेली नाही. मागच्या पायाने अधू आहे, बाहेर सोडली तर टिकणार नाही, असं वनविभागाच्या माणसांनीच सांगितलं होतं. शेजारच्या बोक्याने ग्रिलमधून पंजा घालून तिची शेपटी धरली. तिने जिवाच्या आकांताने हिसका दिला आणि शेपटीच्या मधल्या भागावरची कातडी मोजा उतरावा तशी निघून आली. खारीच्या शेपटीचं असंच असतं, म्हणून तिला शेपटीने कधीही धरू नये.

दवाखान्यात डॉक्टर एका लॅब्रॅडॉरच्या मालकाशी बोलत होते. कंपाउंडरने चिंगीला टेबलावर दाबून धरलं, जखमेवर पावडर टाकली आणि कापडी चिकटपट्टी थेट केसांवरून, शेपटीच्या बुडापासून गच्च गुंडाळली. ‘‘घट्ट होत नाहीये ना?’’ मी विचारलं. ‘‘सैल ठेवली तर काढून टाकेल,’’ डॉक्टर मान न वळवता म्हणाले. वजन कोणी केलं नाही. खारीचं वजन जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो. पण कुत्र्याच्या पिल्लांचं सिरप ‘दोन थेंब द्या’ म्हणून हातात दिलं.

त्या रात्रीपासून चिंगीचं कुरतडणं सुरू झालं. मी तिच्याजवळ बसून नीट बघत होते. ती अंगाचं मुटकुळं करायची, शेपटी दोन्ही हातांनी पुढे ओढून घ्यायची आणि पुढच्या दातांनी पट्टीची वरची कड खरवडायची. फक्त कड. पट्टीखालून बाहेर आलेल्या टोकाला तोंडही लावत नव्हती. मी व्हिडिओ काढून पाठवला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. फोन केला तर तेच वाक्य, आणि वर ‘‘पट्टीला मिरची लावा, तोंड लावणार नाही.’’ उघड्या जखमेच्या शेजारी मिरची! मी लावली नाही. मग त्यांनी जुन्या एक्स-रे फिल्मची कॉलर करून दिली. खार खाणं हातात धरून खाते. कॉलरमुळे तिचे हात तोंडापर्यंत पोहोचेनात. शेंगदाणा हातात घेऊन नुसती बसून राहायची.

शेवटी मी शेपटीचं टोक बोटांत धरून बघितलं. गार होतं. अंग गरम आणि टोक गार. तशीच तिला घेऊन पुण्याला गेले, लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टर बाईंकडे. त्यांनी आधी तिला तागडीवर ठेवलं. मग पट्टीवर खोबरेल तेल मुरवून हळूहळू ती सोडवली. खाली कातडीत खोल वळ रुतलेला होता. त्याच्या पुढची शेपटी काळी, वाळलेली. ‘‘ही जखम कुरतडत नव्हती, हिला पट्टी काढायची होती,’’ त्या म्हणाल्या. मी इतके दिवस जे सांगत होते तेच. गॅसची भूल देऊन मेलेला भाग काढावा लागला.

पहिल्या डॉक्टरांना हे कळवलं तर म्हणाले, ‘‘तुम्ही मधे कॉलर काढली असणार.’’ पट्टीबद्दल अवाक्षर नाही. वर कंपाउंडरचा निरोप, कॉलरचे पैसे राहिलेत.

आता जे शिकले ते सांगते.

खार कुठे दात लावतेय ते आधी बघा. पट्टीच्या कडेला लावत असेल तर पट्टी आवळतेय. टाक्यांना लावत असेल तर टाका ओढतोय किंवा खाज सुटलीय. जखम सुजली असेल, वास येत असेल, तर आत पू झालाय. चांगल्या कातडीलाच चावत असेल तर नसेला इजा झालेली असू शकते. कारण सापडल्याशिवाय कॉलर घालणं म्हणजे तिचं तोंड बंद करणं, दुखणं थांबवणं नव्हे.

कॉलर लागलीच तर मऊ, जाड कापडाची करा आणि समोर बसून, ती काढून खाऊ घाला. अंगावरच्या जखमेला जुन्या मोज्याचा, पायांसाठी भोकं पाडलेला अंगरखा चालतो, पण त्याचे धागे सुटत नाहीत ना ते रोज बघा.

जखम धुवायला मेडिकलमधलं नॉर्मल सलाइन सगळ्यात चांगलं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करा. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. सासूबाईंनी मायेने हळद आणली होती. पण हळदीचा थर बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही. जे लावाल ते चाटलं जाणार, म्हणून प्रत्येक मलमाबद्दल ‘पोटात गेलं तर चालेल का’ हे विचारा.

मांजराचा दात लागला असेल तर टाचणीएवढ्या भोकाकडेही दुर्लक्ष करू नका. मांजराच्या तोंडातले जंतू खोल जातात आणि लहान जीव त्याने फार लवकर दगावतो. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कोणतं, ते डॉक्टरांनी वजन करून ठरवावं. गिनीपिग, हॅमस्टर अशा प्राण्यांना तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन आतड्यांना घातक ठरतं, म्हणून कुत्र्याचं सिरप देणाऱ्याला प्रश्न विचारायला कचरू नका. वेदनाशामक मागून घ्या, पण घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका.

पावसाळ्यात माश्या बसू देऊ नका. अळ्या दिसल्या तर चिमट्याने काढायला डॉक्टरांकडे जा. गुरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन खारीला घालू नका.

दातांना काम द्या. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते कशावर तरी झिजले पाहिजेत. पेरूची, आंब्याची ताजी काडी, नारळाची करवंटी, काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्यात ठेवा. पिंजरा स्वच्छ ठेवा, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा, धीर सोडू नका. औषध देताना ती तुम्हाला चावली तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

जवळ कोणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं गाठा: परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर. खार सापडली असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हा वन्यप्राणी आहे, पाळायला म्हणून आणू नका.

आणि डॉक्टरांना एक विनंती. खारीचं जमत नसेल तर ‘मला जमत नाही, दुसरीकडे न्या’ असं सांगा. त्यात कमीपणा नाही. जीव छोटा म्हणून उपचारही कसेतरी उरकायचे, यात मात्र आहे.

पट्टी बांधून घरी आलात की दर काही तासांनी पट्टीच्या पुढचं टोक बोटांत धरून बघा. गार लागलं, सुजलं किंवा रंग बदलला, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांचा फोन लागत नाही म्हणून थांबूही नका. तेल लावा आणि पट्टी सोडा.