स्वमग्न बालक : अनुवंश, लक्षणे आणि शिक्षकाचे निरीक्षण



हाक मारली तरी मान न वळविणारे, सवंगड्यांत न मिसळता एकाच खेळात तासन्‌तास रमणारे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणणारे, वर्गातील नित्यक्रम बदलला की बेचैन होणारे एखादे मूल आपल्या पटावर असण्याचा संभव आहे. अशा मुलाविषयी गावात दोन मते चटकन ठरतात : आईने वळण लावले नाही, किंवा मूलच वेडे आहे. ही दोन्ही मते निराधार आहेत. तथापि त्यांच्यामुळे माता अपराधी ठरते आणि मूल शाळेपासून दुरावते. म्हणून स्वमग्नता या अवस्थेची शास्त्रीय बाजू आपण समजून घेतली पाहिजे.

१. दोष मातेचा नव्हे

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे, आईच्या मायेत ओलावा नसल्याने मूल असे होते, असा समज तज्ज्ञांतही रूढ होता. १९७७ साली सुझन फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारखाच अनुवंश असलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असलेल्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या हाताखाली वाढतात. भेद असतो तो अनुवंशाच्या साम्याचा. पुढील मोठ्या अभ्यासांनी याच निष्कर्षास पुष्टी दिली. लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचविणारा १९९८ सालचा लेख तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला, हेही पालकांस सांगावे.

२. अनुवंशातील बदल म्हणजे काय ?

मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असून त्यांवर सुमारे वीस हजार जनुके असतात. पोथीची नक्कल करताना एखादे अक्षर बदलावे, एखादी ओळ गळावी किंवा दोनदा लिहिली जावी, तसे बदल या लिखाणातही होतात. काही बदल मातापित्यांकडून येतात. काही त्यांच्यात मुळीच नसून बालकातच प्रथम उद्भवतात. पुष्कळ मुलांत एकच मोठा बदल नसून अनेक लहान बदलांचा एकत्रित परिणाम दिसतो. यांपैकी कोणताही बदल कोणी जाणूनबुजून घडविलेला नसतो.

३. बदल भिन्न, लक्षणेही भिन्न

सीएचडी-८ या जनुकात बिघाड असलेल्या मुलांत पुष्कळदा डोके मोठे असते. बद्धकोष्ठ व झोपेच्या तक्रारीही आढळतात. शँक-३ या जनुकाच्या बिघाडात स्नायू शिथिल असतात, बोलणे फार थोडे किंवा मुळीच नसते आणि वेदनेची जाणीव कमी दिसते. सोळाव्या गुणसूत्रावरील एक ठराविक तुकडा गळाला तर मुलाचा कल स्थूलतेकडे असतो. तोच तुकडा दुप्पट झाला तर कल कृशतेकडे असतो. विशेष हे की, हा एकच बदल असलेल्या एका घरातील एक व्यक्ती स्वमग्न असते, दुसरीस केवळ बोलण्यास उशीर होतो, तर तिसरीत ठळक असे काहीच दिसत नाही.

यावरून शिक्षकाने एक गोष्ट मनावर बिंबवावी : ‘स्वमग्न’ हे नाव एक असले, तरी त्या नावाची दोन मुले सारखी नसतात. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

४. शिक्षकाचे कार्य

(अ) रोगाचे नाव आपण ठरवू नये. निदान तज्ज्ञ करतात, व तेही मुख्यतः वर्तनाच्या निरीक्षणावरून. अनुवंशाची तपासणी कारण शोधण्यास साह्य करते. शिकविण्यास तिची वाट पाहावी लागत नाही.

(आ) स्वतंत्र वहीत तारीखवार नोंद ठेवावी. मूल केव्हा बिथरते, कशाने शांत होते, जेवते कसे, झटके येतात काय, हे लिहावे. न बोलणाऱ्या मुलाची अस्वस्थता हट्ट नसून पोटदुखीही असू शकते. पडल्यावर रडले नाही, म्हणून लागले नाही असे समजू नये. अंग तपासून पाहावे.

(इ) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ही वही दाखवावी व जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी शिफारस मागावी.

(ई) दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याशेजारी लावावा. सूचना एका वेळी एकच व थोडक्या शब्दांत द्यावी.

(उ) पालकांना भेटावे. बोलणे आरंभीच मातेच्या दोषमुक्तीपासून सुरू करावे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. तेव्हा अशा मुलास वर्गात स्थान देणे ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य होय.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या पटावरील जे मूल ‘ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, त्याच्याविषयी आपण प्रत्यक्ष काय पाहिले आहे आणि काय केवळ ऐकले आहे ? पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येकाने याचे उत्तर आपल्या नोंदवहीतून आणावे.