सुई मागणाऱ्या बायकांविषयी

चि. मनू,


ओपीडीत निम्मी गर्दी गुडघे-कंबरेचीच असते आणि बायका आल्या आल्या "सुई टोचा" म्हणतात, म्हणून तू वैतागली आहेस. पण डायक्लोफिनॅकच्या एका सुईवर उद्याची खुरपणी निभते, हा त्यांचा रोकडा अनुभव आहे. बुडालेला रोज काय असतो, हे त्यांना विचार.

दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं असेल, तर "किती दुखतं?" यापेक्षा "कोणतं काम अडतं?" हे आधी विचारत जा. कुणी सांगेल, संडासला बसलं की उठवत नाही. कुणी सांगेल, ठणक्याने झोप नाही. दोघींचे गुडघेच दुखतात, पण उपचार वेगळे.

हात लावून तपास. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि घटलेलं वजन असेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात आण. लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी पुढे पाठव. तळपायांची आग होत असेल तर साखर बघ. बाकी सरसकट एमआरआय नको. काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या मणक्यातही झीज दिसते, आणि "गादी सरकली" हे एकदा कानावर पडलं की माणूस वाकायलाच घाबरतो.

घरच्या सगळ्या गोळ्या आणायला सांग. टेबलावर ओतून एकेक बघ. बीपीच्या गोळ्यांबरोबर रोजची वेदनाशामक चालू असेल तर मूत्रपिंडाला धोका. बिननावाच्या पुडीने चमत्कारासारखा आराम पडत असेल आणि चेहरा गोल झाला असेल, तर त्यात स्टेरॉइड असणार. ते एकदम तोडू नकोस, जिवावर बेततं, हळूहळू उतरव.

व्यायाम कागदावर लिहून देऊ नकोस, करून घे. टेबलावर पाय लांब करायला सांग, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, ती खाली दाबून पाच आकडे मोजायला लाव. मांडी घट्ट झालेली तिच्याच हाताला लागू दे. दोन दिवस जास्त दुखेल, हेही आधीच सांग, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी सोडून देईल.

दुखणं मुळापासून जाईल असं वचन कुणालाही देऊ नकोस. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत बोलाव, आणि आली की पहिल्यांदा त्या अडलेल्या कामाची चौकशी कर. आली नाही तर आशाताईंना घरी पाठव.

तुझी,
आत्या