कुरकुरीत टोफू: टोफूचे किती, पाण्याचे किती?

दोन माणसांच्या स्टर-फ्रायला 200 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. शहरांतल्या दुकानांत आणि किराणा ॲपवर ते साधारण 80 ते 120 रुपयांना मिळतं. भाज्यांचे 30-40, कॉर्नफ्लॉवर आणि तेलाचे मिळून 15, सॉसचे 10. म्हणजे घरचा खर्च 135 ते 185 रुपये. वेळ पाऊण तास, त्यात तुमचे हात अडकतात ते जेमतेम वीस मिनिटं.

खरेदी करताना पाकीट उलटं करा आणि 100 ग्रॅममागे प्रथिनं किती, ते वाचा. 13-14 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतील तर टोफू घट्ट आहे, घ्या. 5 ते 7 ग्रॅम असतील तर तो सिल्कन. सूपला ठीक, कढईत त्याचा लगदा होतो. (मी एकदा आणला होता. शेवटी भुर्जी केली.) दोन पाकिटांची किंमत सारखी आणि प्रथिनांत तीन-चार ग्रॅमचा फरक असेल, तर कमी आकड्याच्या पाकिटात तुम्ही बहुधा जास्तीच्या पाण्याचे पैसे भरताय. ‘सोया पनीर’ लिहिलेलं पाकीटही बहुतेक वेळा टोफूच असतं. घटकांच्या यादीत सोयाबीन, पाणी आणि गोठवणारा क्षार एवढंच असलं की पुरे.

ॲपवरून एकच पाकीट मागवू नका. डिलिव्हरी, हँडलिंग आणि छोट्या ऑर्डरचा वेगळा आकार धरला तर 100 रुपयांची वस्तू सहज दीडशेला पडते. पैसे भरण्याआधी बिलाचा तपशील उघडून पाहा.

आता पाणी काढायचं. टोफू कुरकुरीत होत नाही त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच, मसाला किंवा कढई नव्हे. वडी सुती फडक्यात गुंडाळा, वर ताटली, ताटलीवर खलबत्ता किंवा पिठाचा डबा. वीस ते तीस मिनिटं. यासाठी टोफू प्रेस नावाचं यंत्र विकतात; घेऊ नका, खलबत्ता तेच काम करतो. घाई असेल तर तुकडे करून उकळत्या मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि पुसून कोरडे करा. पाणी काढायला पाण्यातच घालायचं हे विचित्र वाटेल, पण पृष्ठभाग छान कोरडा होतो आणि मीठही लागतं. तिसरी वाट फ्रीझरची: आदल्या रात्री गोठवा, सकाळी बाहेर काढा, वितळला की दोन तळहातांत दाबून पिळा. तो स्पंजासारखा जाळीदार आणि जरा चिवट होतो. काहींना तोच आवडतो.

कॉर्नफ्लॉवर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटांत चुरचुरणारं. पिवळं मक्याचं पीठ आणलंत तर फसाल. 200 ग्रॅमला दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि मिरपूड. तुकडे घोळवायचे ते तेल तापल्यावरच. आधी घोळवून ठेवलेत तर पीठ चिकट होतं. बिडाच्या तव्यावर किंवा नॉनस्टिकवर तीन मोठे चमचे तेल, आच मध्यमच्या थोडी वर. तुकडे सुटे ठेवा, दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. स्टीलच्या कढईत चिकटले तर ओरबाडू नका. खालची बाजू भाजली की आपोआप सुटतात. सगळ्या बाजू मिळून दहा-बारा मिनिटं. एअर फ्रायर घरात असेल तर चमचाभर तेल लावून 190 अंशांवर पंधरा मिनिटं. नसेल तर टोफूसाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

पहिल्या वेळचा छुपा खर्च बाटल्यांचा. सोया सॉस हवाच. चिली सॉसऐवजी लसूण आणि ठेचलेली लाल मिरची चालते, व्हिनेगरऐवजी लिंबू. पाककृतीत ‘सेसमी ऑइल’ दिसलं म्हणून आपलं घाण्याचं तिळाचं तेल ओतू नका. तिकडे भाजलेल्या तिळांचं तेल अपेक्षित असतं आणि ते महाग पडतं. त्याऐवजी चमचाभर तीळ भाजून वर भुरभुरा.

भाज्या मोठ्या आचेवर परता, सॉस भाज्यांवर घाला, गॅस बंद करा आणि मग टोफू. सॉसमध्ये शिजवलात तर वीस मिनिटांची मेहनत दोन मिनिटांत मऊ पडते. डब्यात न्यायचा असेल तर टोफू वेगळ्या डबीत. उरलेला दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको.

अर्धंच पाकीट वापरलंत तर उरलेला तुकडा स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन दिवसांत संपवा. आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला की फेकून द्या.