म्हातारपणी चालतं राहायला किती खर्च येतो?

वर्ध्यात आई-वडील निवृत्त झाले, गुडघे कुरकुरू लागले, की मुलं घरात ट्रेडमिल आणायचं ठरवतात. माझा आग्रह आहे, तो खर्च आधी थांबवा. पैसे घालायचे तर त्यांना घराबाहेर, चार माणसांत नेणाऱ्या गोष्टींवर घाला. एकट्याचा व्यायाम लवकर सुटतो. कोणी वाट पाहत असेल तर पाय आपोआप निघतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, दोन दिवस स्नायू बळकट करणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत. चालणं लोक करतात, तोलाचं विसरतात. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं, याला एक पैसा लागत नाही.

बुटांसाठी मात्र हजार-बाराशे बाजूला ठेवा. तळ न घसरणारा हवा. चपलेवर फिरायला जाऊ नये. काठी, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा लागणार असेल तर आधी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरा. ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. खरेदीची पावती जपून ठेवा.

फिजिओथेरपिस्ट घरी बोलावण्याआधी हिशेब मांडा. भेटीचे ४०० रुपये धरले आणि महिन्यात बारा भेटी झाल्या तर ४,८०० होतात. दोन-तीन भेटींत व्यायाम नीट शिकून, कागदावर लिहून घ्या. जिल्हा सामान्य रुग्णालयातही चौकशी करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. सोबत्यांना घेऊन आठवड्यातून एकदा सेवाग्राम किंवा पवनार गाठता येतं. पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ब्रह्मविद्या मंदिर या आश्रमात श्रम हा तिथे राहणाऱ्या बहिणींच्या दिनचर्येचाच भाग आहे. हातात रोजचं काम असलं की हालचालीसाठी वेगळं मन वळवावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा फिरणं सकाळी सातच्या आत उरका.

वृद्धाश्रम निवडायचा असेल तर दुपारी ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, सकाळी सहाला जा. किती जण अंगणात आहेत ते बघा. वाट सपाट आहे का, संडासात धरायला दांडी आहे का? भाजी निवडणं, झाडांना पाणी घालणं रहिवाशांना करू देतात की सगळ्यांना खाटेवर बसवून ठेवतात? व्यायाम कोण घेतं, त्याचे पैसे महिन्याच्या शुल्कात आहेत की वेगळे, आणि अनामत कधी परत मिळते, हे सगळं पैसे भरण्याआधी लेखी घ्या.